तिसरी चौकट

आमच्या ऑफिसात प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सह्यांच्या तीन चौकटी असतात: तयार करणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा. कतारला, दोह्यात एकोणीस वर्षं मी पहिल्या चौकटीत सही करत आलो. तिसरी चौकट आमच्या इंग्रज साहेबाची. गॅसच्या पाइपलाइनचं सगळं गणित मी मांडायचो आणि तो पानं उलटून सही ठोकायचा. त्याच्या पत्रांतल्या चुकाही मीच गुपचूप दुरुस्त करायचो. याचा मला अजून राग येतो, त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त.

गेल्या वर्षी त्याच्या कंपनीचं कंत्राट गेलं आणि एका चिनी कंपनीला मिळालं. निरोपाचा केक कापून झाल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "आमचे दिवस संपले. आता जग तुमचं," म्हणाला. मायदेशी त्याला कुणी विचारत नव्हतं. नव्या कंपनीकडे त्याच्यासाठी शब्द टाकशील का, असं त्यानं मला विचारलं. मला! खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. "बघतो, इन्शाल्ला," म्हणालो. शब्द टाकायचा नाही, हे तेव्हाच ठरवलं होतं.

तिसरी चौकट आता माझीच, असं मी धरूनच चाललो. बायकोनं पेढे केले. नेमणुकीचं पत्र हातात नसताना बिन महमूद या आमच्या वस्तीतल्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत मी स्वतः डबे पोचवले. लेक तेवढी म्हणाली, "बाबा, वेट फॉर द लेटर ना." तिला मी गप्प केलं.

रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, नवा साहेब आला. चिनी, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, बोलायला अगदी मऊ. तिसऱ्या चौकटीत तोच सही करणार होता. ड्रॉइंगचा गठ्ठा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "तुम्ही पूर्वीसारखंच चालू ठेवा. जुन्या साहेबांनी पत्रात तुमची फार स्तुती केली आहे." आणि मी खूश होईन म्हणून त्यानं ते पत्र मला दाखवलं.

त्यात लिहिलं होतं, 'ड्रॉइंग तयार करायला यांच्यासारखा माणूस मिळणार नाही. वर कुणीही बसवा, यांना मात्र जागेवरून हलवू नका.'

स्वतःसाठी त्यानं एक ओळही लिहिली नव्हती. माझ्यासाठी शब्द टाकला होता.

सवयीनं मी पत्रात चूक शोधू लागलो. एकही सापडली नाही.