डोळ्याखालचा भोवरा

मुलगी काय करते असं कोणी विचारलं, की आमचे भाऊ, म्हणजे सखाराम तांबे, "घोडे घेऊन देते" एवढंच सांगायचे आणि समोरच्याचा चेहरा बघत बसायचे. समोरच्याला वाटायचं, वरातीचे घोडे. मग भाऊंना चेव यायचा. शर्यतीचे घोडे पारखायचे, मालकाच्या वतीने लिलावात बोली लावायची आणि घोडा घेऊन द्यायचा, असा एक धंदा असतो आणि तो आपली दीप्ती करते, हे त्यांनी रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. मी त्यांच्याच ऑफिसातला आणि त्यांचाच शेजारी, त्यामुळे मला ते भाषण पाठ होतं. "म्हणजे दलालच की," असं मी मुद्दाम म्हणायचो. मग ते दोन दिवस माझ्याशी बोलत नसत.

पोरीने मेहनत मात्र जिवापाड केली होती. ती जनावरांची डॉक्टर झाली तेव्हा भाऊंना वाटलं, सरकारी दवाखान्यात लागेल, संध्याकाळी घरी येईल. ती गेली पुण्याकडच्या घोड्यांच्या फार्मवर. तिथे काही वर्षं शिंगरांचे पाय चाचपले, त्यांची चाल बघितली, त्यांच्या पिढ्या पाठ केल्या. धंदा सुरू केला तेव्हा मालक लोक तिच्याशी न बोलता तिच्या ड्रायव्हरशी बोलायचे. पुढे मुंबईच्या हर्षद शेठनी तिच्या शब्दावर घोडा घेतला आणि तो जिंकला. मग शेठची सगळी खरेदी तिच्याकडे आली, आणि शेठचं बघून इतरांचीही यायला लागली. शेठ गेले तर बाकीचेही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या वर्षीच्या लिलावात तिने शेठसाठी एक तांबूस शिंगी, म्हणजे तरुण घोडी, घेतली. पाय सरळ, चाल मोकळी, श्वास स्वच्छ. बोली फारच लवकर थांबली. तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. शिंगीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. घोडेवाले त्याला आसूढाळ म्हणतात. असा घोडा मालकाच्या घरात रडारड आणतो अशी समजूत आहे. बाकी सगळ्यांनी तो भोवरा पाहून हात आखडते घेतले होते. दीप्तीनेही पाहिला होता, पण तिच्या लेखी ते नुसते केस होते.

तिचं तरी काय चुकलं? ती वाढली ते घरच तसं. तिच्या आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक खाडीत सोडले होते. भाऊ तर त्यांच्याही वरचढ. मांजर आडवं गेलं की ते थांबलेल्या लोकांना हसत पुढे जायचे, आणि स्कूटर घेतली तीही सर्वपित्री अमावास्येला. त्या घरात शकुन-अपशकुन हा शब्द फक्त चेष्टेत यायचा. अशा पोरीला भोवऱ्याची भीती कुठून शिकवणार?

शेठनी घोडीचा भोवरा बघितला आणि ही नको म्हणत हात जोडले. मग एक तोड काढली. तबेल्यात दोषाची शांती करायची, आणि जिच्या हाताने दोष घरात आला तिनेच पाटावर बसून, चूक झाली म्हणून घोडीवरून नारळ उतरवायचा. तेवढं केलं तर घोडी शेठची आणि पुढचं कामही तिचंच.

दीप्तीने घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा मी भाऊंच्या पडवीत चहा पीत होतो. फोन मोठ्या आवाजावर होता. मला वाटलं, आता म्हातारा आग ओकणार. मी कपसुद्धा खाली ठेवला.

भाऊ हळूच म्हणाले, "बस गो पाटावर. अर्ध्या तासाचा तर प्रश्न. कोणाला कळतंय?"

"बाबा, तुम्ही बसला असतात?"

"माझी गोष्ट वेगळी," भाऊ म्हणाले. "मला सरकारी नोकरी होती."

फोन बंद झाला. मी एवढा चेष्टेखोर माणूस, पण त्या दिवशी चहा तसाच टाकून घरी गेलो.

दीप्ती पाटावर बसली नाही. शेठनी काम काढून घेतलं, इतरांचे फोनही आटले. घोडी तिच्या गळ्यात पडली. शेवटी एका ट्रेनरने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी त्यात भागीदारी घेतली, म्हणून घोडी तबेल्यात राहिली. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लहान मालक, लहान लिलाव. आणि वर्षभर ती रत्नागिरीला आली नाही. फोन करायची तो आईला. बाबांना म्हणावं गोळ्या घ्या, एवढंच. भाऊ मांडवीला यायचे, पण भाषण बंद झालं होतं. मी "दलाल" म्हटलं तरी चिडायचे नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

या पावसाळ्यात घोडी पुण्यात धावणार होती. भाऊंनी मला न विचारता माझंही तिकीट काढलं. घोडी पाचवी आली. भाऊंनी शर्यतीकडे धड पाहिलंही नाही. संपल्यावर ते सरळ तबेल्याकडे निघाले.

दीप्ती घोडीजवळ उभी होती. आम्हाला बघून तिने फक्त मान हलवली. भाऊंनी चष्मा पुसला आणि घोडीच्या डोळ्याखाली वाकून पाहिलं. रुपयाएवढेसुद्धा नव्हते ते केस. त्यांनी भीतभीत त्यावर बोट ठेवलं.

"याला भ्यालो मी?"

घोडीने मान झटकली. दीप्तीने पुढे होऊन तिचा लगाम धरला, म्हणजे बाबांना नीट हात लावता यावा.

"याला नाही, बाबा," ती म्हणाली. "मी उपाशी राहीन म्हणून भ्यालात."

भाऊंनी मान डोलावली. ते घोडीच्या गालावरून हात फिरवत राहिले आणि दीप्ती लगाम धरून उभी राहिली. मग तीच म्हणाली, "चला, जेवून घेऊ. आणि आईला सांगा, मी दिवाळीला घरी येतेय."