गटाराच्या झाकणावरचा मासा

ट्रक रंगवणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ब्रश धुवेपर्यंत दोन नवे घडलेले असतात. पण आळेफाट्याला आम्ही तिघा पेंटरांनी ट्रक सोडून गटारं रंगवली, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो राव!

कल्पना शाळेतल्या ड्रॉइंगच्या मॅडमची. रस्त्याकडेच्या गटारात पडेल ते पावसाच्या पाण्याबरोबर थेट ओढ्यात जातं, म्हणून प्रत्येक झाकणावर ओढ्यातला एक जीव काढायचा. आमच्या दत्तूनं झक्कास खेकडा काढला आणि सवयीनं खाली लिहून टाकलं, "हॉर्न ओके प्लीज"!

मॅडम हसून म्हणाल्या, "राहू द्या. वाचायला तरी थांबतील."

आणि खरंच, ड्रायव्हर लोक उतरून वाकून बघायचे.

*

एक ट्रकवाला तंबाखूची पिचकारी मारायला वाकला, तर खाली झाकणावर मरळ माशाचा डोळा. गडी तोंड दाबून पार रस्त्यापलीकडे पळाला! म्हणाला, "त्यो बघतोय ना माझ्याकडं!"

डोळा मी काढला होता. इतकी वर्षं ट्रकवर मोर काढले, पण माणसाला थुंकायचं थांबवणारं चित्र पहिल्यांदाच जमलं.

*

गॅरेजवाला बाळू मिस्त्री मात्र बधेना. इंजिनाचं काळं ऑईल खुशाल त्याच माशाच्या तोंडात, म्हणजे झाकणाच्या भोकात, ओतायचा. वर म्हणायचा, "चित्राला काय पोट असतंय व्हय?"

खाली ओढ्याकाठी ठकूमावशीची मेंढरं. पाण्यावर तेलाचा तवंग आल्यापासून ती तोंड लावत नव्हती; मावशी त्यांना पाण्यासाठी पार लांबच्या बोरी गावाकडं हाकायची. एके दिवशी ती ओढ्याचं घमेलंभर पाणी डोक्यावर आणि एक मेंढी मागे घेऊन थेट गॅरेजात! घमेलं मिस्त्रीपुढं ठेवलं. मेंढीनं हुंगलं, शिंकली, मान फिरवली.

"पोट हिला हाय, भाऊ," मावशी म्हणाली आणि चालती झाली.

दुसऱ्या दिवसापासून ऑईल कॅनमध्ये साठू लागलं. माशाच्या तोंडावरचा डाग त्यानं स्वतः चिंधीनं पुसला.

*

पावसाळा सरला. मावशी पुन्हा आली. तीच मेंढी, तेच घमेलं, ओढ्याचंच पाणी. सगळं गॅरेज पान्हे खाली ठेवून उभं राहिलं.

मेंढीनं हुंगलं. थांबली. मग प्यायला लागली, ती तळ लागेपर्यंत! आणि मिस्त्रीकडं बघून ओरडली.

"आजून पायजे म्हणती," मावशी म्हणाली.

मिस्त्रीच्या मागेच नळ होता. त्यानं घमेलं उचललं आणि ओढ्याची वाट धरली.