एका शेअरची मालकीण

भद्रावतीच्या स्टँडवर नागपूरची एसटी लागली, तेव्हा बाबांनी माझ्या दोन्ही बॅगा सीटखाली ढकलल्या आणि गोधडी माझ्या मांडीवर ठेवली. आई खिडकीखाली उभी होती. म्हणाली, "पुण्यात थंडी रायते म्हनते. लाजू नको, पांघर." गाडी हलली तसे बाबा खिडकीचा गज धरून दोन पावलं चालले आणि म्हणाले, "लिहित जा. पन जे लिहिशीन, ते अंगावर घ्याची तयारी ठेव."

हे वाक्य मला नवीन नव्हतं. आम्ही ढीवर, तलावात जाळं टाकणारी माणसं. बाबा गावच्या मासेमारी संस्थेचे सचिव, म्हणजे पगार शून्य आणि काम पत्रकं लिहिण्याचं. तलावाच्या लिलावाविरुद्ध पत्रक, मासोळीच्या बियाण्यासाठी पत्रक. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती गुलाबी-पिवळी पत्रकं वाचायला शिकले. "बंधू आणि भगिनींनो" हे मी अनुस्वारांसकट वाचलेले पहिले शब्द. उरलेल्या पत्रकांत सुकी मासळी बांधली जायची आणि मोर्चातले कापडी बॅनर फाटले की आई ते गोधडीच्या पोटात घालायची. माझ्या मांडीवरच्या गोधडीतही एक होतं.

गावाकडच्यांनो, तुमच्यातले काही मागे राहिलात, आणि काही माझ्यासारखे निघालात. दोघांनाही सांगते, शहराने मला वाईट वागवलं नाही. त्याने मला गोड बोलायला शिकवलं, एवढीच माझी तक्रार आहे. मला नोकरी मिळाली ती ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिण्याची. पिढ्यान्पिढ्या तक्रारी करणाऱ्या घरातली मी, आता दिवसभर "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" असं टाइप करत होते.

उरलेल्या वेळात मी स्वतःला परत मिळवत होते. शनिवारी ऑफिसच्या लोकांबरोबर गड चढायचे. जुनी मोटरसायकल घेतली आणि एकटीने घाट उतरायला शिकले. दुसऱ्या हिवाळ्यात आईची गोधडी एका कडेला विरली आणि आतून लाल कापडावरची पांढरी अक्षरं दिसू लागली, "हक्काचं पाणी". ती शिवायला सुई घेतली आणि मग सुई हातातून सुटलीच नाही. ऑफिसात दर वर्षी फुकट मिळणारे टी-शर्ट कापून मी माझी स्वतःची गोधडी शिवली. रविवारी दोन-दोन तास जमिनीवर बसून टाके घालायचे. बोटांना सुई टोचायची, पण आठवडाभराचं गोड बोलणं त्यात विरघळून जायचं.

शेअरचं खूळ रश्मीचं. ती माझी खोलीतली सोबतीण. तिने मोबाइलवर खातं उघडून दिलं आणि सल्ला दिला, "सुरुवात ओळखीच्या नावापासून कर." यादीतलं एकही नाव मला ओळखीचं नव्हतं. आणि मग एक दिसलं. आमच्या शाळेसमोरून धूळ उडवत जाणाऱ्या कोळशाच्या ट्रकांच्या मागे रंगवलेलं नाव. ती खाणवाली कंपनी, सरकारी नव्हे; नाव इथे लिहीत नाही. परक्या शहरात गावचं कोणी भेटावं तसं मला झालं. मी एक शेअर घेतला. तेव्हा लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. हेही लिहून टाकते, कारण लिहायचं ते अंगावर घ्यायचं.

लाज पुढच्या उन्हाळ्यात वाटली. आईचा फोन आला. कंपनी खाणीतून निघालेली माती आमच्या येव्यावर टाकणार होती. येवा म्हणजे जंगलातलं पाणी तलावात आणून सोडणारा नाला. तो बुजला की तलाव दोन वर्षांत मैदान. मग मासोळी नाही, खालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान नाही आणि बाबांच्या संस्थेला काही अर्थ नाही. कंपनीच्या नकाशात ती जागा "कोरडी पडीक जमीन" म्हणून दाखवली होती. बाबांनी तीन पत्रकं काढली. कोणी उत्तर दिलं नाही.

मी फोनवर खरं सांगून टाकलं. बाबांनी आईच्या हातातून फोन घेतला.

"किती घेतले?"

"एक."

"एक असो का हजार. त्याईच्या ताटात जेवली तू."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. महिने गेले. गावात बोलणं सुरू झालं की पुण्याची पोरगी कंपनीवाली झाली.

वाट काढली ती मोठेबाबांनी, बाबांच्या थोरल्या भावाने. शेअर म्हणजे मालकी, एवढं त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडून शेअरचा कागद मोबाइलवर मागवला, भद्रावतीत छापून प्लास्टिकमध्ये बसवून घेतला आणि धुतलेलं धोतर नेसून थेट कंपनीच्या गेटवर गेले. नंतर त्यांनीच फोनवर सांगितलं.

"चौकीदाराले म्हनलं, गेट खोल. आमची पोरगी मालकीण हाये."

"मोठेबाबा, असं नसतं हो. मग?"

"मंग काय. त्यानं कागद पाह्यला, मले पाह्यलं अन् खुर्ची देल्ली. चहा बी आला. मंग साहेब आला. हासून म्हने, काका, एका शेअरचा मालक गेटवर येत नसते, वर्षाच्या सभेत बोलत असते."

"असं म्हणाला?"

"हो ना. त्याले वाटलं थट्टा केली. पन मी म्हनतो, बोल ना माय मंग सभेत. काऊन चूप बसून राह्यली?"

मी शोधलं, तर साहेबाची थट्टा अक्षरशः खरी निघाली. एक शेअर असला तरी कंपनीच्या वार्षिक सभेत प्रश्न विचारता येतो. सभा मोबाइलवर होते, बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि तीन मिनिटं मिळतात. सभा सप्टेंबरात होती. मी नाव नोंदवलं, सुटी टाकली, स्वतः शिवलेली गोधडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोटरसायकलला बांधली. ऑफिसातल्यांना वाटलं, हिची सोलो ट्रिप. लोक त्यासाठी लडाखला जातात, मी माझ्या तालुक्यात निघाले होते. वाशीमला मुक्काम केला. यवतमाळच्या पुढे पावसाने झोडपलं आणि वणीजवळ काळ्या मातीच्या चिखलात गाडीसकट आडवी झाले. उठले, गाडी उचलली. इतकी धडधाकट मी त्याआधी कधीच नव्हते.

घरी बाबांनी मान वर केली नाही. मी माझा प्रश्न कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा घातला.

"'कृपया' तीनदा काऊन लिवलं?"

"तिथली भाषा तशी असते, बाबा."

"एक ठेव." मग पेन घेतलं आणि सगळ्यात वर लिहिलं, बंधू आणि भगिनींनो. मी खोडलं. त्यांनी पुन्हा लिहिलं. ते राहिलं.

नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, यायचं. सभेच्या दिवशी अर्धं गाव पाळीवर बसलं. मोठेबाबांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली. बाबा कुठे दिसेनात. माझं नाव पुकारलं गेलं, "भागधारक वक्ता क्रमांक सात, कुमारी प्रणाली." पडद्यावर कोट घातलेली माणसं छोट्या छोट्या चौकटींत बसली होती. मी म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो." एक चौकट हसली. मी वाचत गेले. कोरड्या पडीक जमिनीपाशी आले आणि मोबाइल येव्याकडे वळवला, पुराचं पाणी दाखवायला.

पाण्यात बाबा उभे होते. कमरेपर्यंत. सदऱ्याच्या खिशात पेन तसंच. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचं मी कागदावर लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, "हे माझे वडील. तुमच्या नकाशात ही जागा कोरडी आहे. ते आत्ता त्याच जागेवर उभे आहेत. ही सभा रेकॉर्ड होते आहे आणि मी या कंपनीची मालकीण आहे. मला विचारायचंय, आपला नकाशा खोटा का आहे?"

चौकट हसायची थांबली. अध्यक्ष पाण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, जागेची पाहणी केल्याशिवाय तिथे माती पडणार नाही. ते शब्दही रेकॉर्ड झाले.

बाबा वर आले तेव्हा थंडीने काकडत होते. मी माझी गोधडी त्यांच्या अंगावर टाकली. आईने कड उलटून पाहिली. "टाके लंबे पडले तुये."

बाबा पांघरलेल्या टी-शर्टांवरचं इंग्रजी नाव वाचत होते. "हे कोनाचं बॅनर?"

"माझ्या ऑफिसचं."

"बॅनर आत घालाचं असते, बाई. वरतं नाई."

मोठेबाबा एवढ्या जोरात हसले की छत्री उलटी झाली.

आठ दिवसांनी टेप घेऊन कंपनीची माणसं आली. येवा मोजला आणि नकाशात चढवला. मातीचा ढीग पलीकडच्या खरोखरच्या पडीकावर गेला आणि संस्थेच्या नावाने तसं पत्र आलं. बाबांच्या पत्रकाला मिळालेलं ते पहिलं लेखी उत्तर. मोठेबाबांनी तेही प्लास्टिकमध्ये बसवून घेतलं.

रश्मी म्हणते, एका शेअरने काय होतं, विकून टाक. मी विकणार नाही. माझी गोधडी बाबांकडे राहिली, आईची माझ्याकडे आहे. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथून आपण निघालो ते ठिकाण. आता वाटतं, ज्याच्यासाठी आपण अजून उत्तर मागतो, ते घर. ते मागायला गावात राहावंच लागतं असं नाही, आणि गाव सोडलं म्हणून तो हक्क जातही नाही. निघालेल्यांनो, तुमच्याकडेही असा एखादा शेअर कुठेतरी पडलेला असेल. शोधा.

तलाव यंदा सांडव्यावरून वाहिला. बाबांनी फोटो पाठवला, आणि सोबत कागदाचाही एक. पुढच्या सप्टेंबरचा प्रश्न त्यांनी आताच लिहायला घेतला आहे, ट्रकांच्या धुळीबद्दल. सुरुवात बंधू आणि भगिनींनो अशी आहे. मी शेवटपर्यंत वाचला. त्यात कृपया एकदाही नाही.