वाळवणकाकांचे ओले बूट

आमच्या बाबांना तळ्यावरची सगळी माणसं वाळवणकाका म्हणत. तोंडावर नाही, पण बाबांचे कान तिखट होते. राखीव तळ्याचे ते रखवालदार आणि नावाडीही. त्यांचा एकच हट्ट: दुसऱ्या पाण्यात भिजलेली कुठलीही वस्तू, मग तो बूट असो, जाळं असो की होडी, आठ दिवस कुंपणावर उन्हात वाळल्याशिवाय या पाण्याला लागता कामा नये. आजूबाजूच्या तळ्यांत जलपर्णी माजली होती आणि तिचा बोटभर कोंब चिकटून आला तरी पुरे होता. नियम मोडेल त्याला वर्षभर पाण्यात उतरायला बंदी, अशी पाटी त्यांनीच वनखात्याच्या साहेबांच्या मागे लागून लावून घेतली होती. पुढे खुद्द साहेबच एकदा ओले बूट घालून आले, तर त्यांनाही अनवाणी परत पाठवलं. मी तेव्हा फाटकावर तिकिटं फाडायचे. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं.

तर अशा माणसाने माती खाल्ली. आत्याच्या परसातलं डबकं जलपर्णीने भरलं होतं म्हणून बाबा रविवारी बूट घेऊन गेले आणि दिवसभर ती उपसत राहिले. सोमवारी सकाळी तिथूनच सायकलवरून थेट कामावर आले, बूट मागे कॅरियरला बांधलेले. तेवढ्यात मी फाटकावरून ओरडले, "बाबा, टिबुकली अडकलीय." टिबुकली म्हणजे बुड्या मारणारं मुठीएवढं पाणपाखरू. कुणाची तरी तुटलेली दोरी पाणकणसांत गुंतली होती आणि तीत ती फडफडत होती. बाबांनी हाताला लागले ते बूट चढवले आणि पाण्यात शिरले. दोरी कापली, पाखरू सुटलं, मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. बुटांचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी बूट उलटे करताना वरच्या दुमडीतून जलपर्णीचं एक पिल्लू पायरीवर पडलं. दोन पानं, चार मुळं. बाबांनी ते उचलून तळहातावर धरलं.

"एकच होतं ना?" मी विचारलं.

"हे राहिलं ते दिसलं," ते म्हणाले. "गेलं ते कसं दिसणार?"

साहेबांना सांगू या, असं मी म्हटलं खरं, पण पुटपुटतच. "आधी बघू," बाबा म्हणाले, आणि मलाही ते बरंच वाटलं. नोकरी जाईल ही माझी भीती. बाबांची त्याहून मोठी होती. जलपर्णी पसरली की खाली उजेड जात नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. कुमुदिनी कुजते, मासे तळाशी गुदमरतात, मग खंड्या येईनासा होतो आणि पाणमांजरं निघून जातात. ते सगळं त्यांना जागेपणी दिसायला लागलं. जेवताना घास हातातच राहायचा. रोज सकाळी फाटक उघडायच्या आधी आम्ही होडीतून पाणकणसांच्या कडेकडेने फिरायचो. हिरवं काही तरंगताना दिसलं की मी होडीतून वाकून बघायचे आणि बहुतेक वेळा बेडूक निघायचा. मला हसू फुटायचं, बाबांना नाही.

बाविसाव्या दिवशी ती सापडली. पाणकणसांच्या आत, परातीएवढी, फुगीर देठांची, दिसायला चांगली देखणी. आणि तिच्यावरच पाल्याचा ढीग रचून टिबुकली बसली होती. बाबांनी वल्हं पुढे केलं तशी तिने अंड्यांवर पाला ओढला आणि बुडी मारली. उपटावी तर अंडी जाणार, ठेवावी तर आणखी पसरणार. गुपचूप उपटली असती तर कुणाला कळलंही नसतं. बाबांनी वल्हं उचलून होडीत आडवं ठेवलं.

"आता सांगावंच लागेल," ते म्हणाले.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या अनवाणी दिवसाचं उट्टं आता निघणार, या धास्तीने मी दाराशीच उभी होते.

"भोवती बारीक जाळी लावा," ते म्हणाले. "पिल्लं बाहेर पडली की काढून टाका. पाटीचं राहू द्या. कुणाला माहिती आहे?"

"मला आहे," बाबा म्हणाले आणि होडीच्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली.

पिल्लं आईच्या पाठीवर बसून निघून गेली. जलपर्णी मी मुळासकट काढली. बाबा वर्षभर काठावर उभे राहायचे आणि मी परतले की विचारायचे, "काही दिसलं?" वर्ष संपलं, ते निवृत्त झाले, त्यांची जागा मला मिळाली, पण प्रश्न काही संपला नाही. नऊ वर्षं मी "नाही" म्हणत आले आणि दर वेळी त्यांचे खांदे जरा सैल होताना बघत आले.

आता ते अंथरुणाला खिळलेत. गेल्या मंगळवारी मी दारात चपला काढत होते, तेव्हाच आतून आवाज आला, "काही दिसलं?"

नाही म्हणणं किती सोपं होतं.

"दिसलं," मी त्यांच्या उशाशी जाऊन म्हटलं. "एक कोंब. नखाएवढा."

बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "माझाच असेल का गं? बी वर्षानुवर्षं चिखलात तग धरतं."

"कुणास ठाऊक, बाबा."

"साहेबांना सांगितलंस?"

"आधी त्यांना सांगितलं, मग घरी आले."

त्यांनी मान हलवली, मनगट सोडलं आणि डोळे मिटून पडून राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन पाण्याचा पेला भरला. दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडायच्या आधी पुन्हा पाणकणसांच्या कडेकडेने फिरायचं होतं, या वेळी एकटीने.