पाटावर राहिलेला पाना

माझ्या धाकट्या बहिणीच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. चार पावलं चालली की तिला दम लागायचा, रात्री उशी उभी करून बसून झोपायची. आता थांबण्यात धोका आहे, ऑपरेशन करून टाका, असं ठाण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. सुमनने मात्र काही ना काही कारण काढून तारीख पुढे ढकलत आणली होती. कधी भातकापणी, कधी मुलाची परीक्षा. खरं कारण भीती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. शेवटी दसऱ्याला ती भिवंडीला आमच्याकडे आली तेव्हा एका अटीवर तयार झाली. "आधी वज्रेश्वरीला नेऊन आण, ताई. मी ओटी भरीन. तिनं नीट दर्शन दिलं त उद्या दवाखान्यात. न्हाय दिलं त मी माझे घरी."

मला मनातून फार राग आला. देवीवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण तो दिवाबत्तीपुरता. सासूबाई करायच्या म्हणून मी करते, सवयीचा हात फिरतो. देवी काय डॉक्टर आहे का, तिला कसला कौल मागायचा, आणि रस्त्यात गर्दीच लागली, दर्शन नाहीच झालं, तर ही बाई जिवावर उदार होऊन घरी जाणार का, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण तिचे सुजलेले पाय बघितले आणि हो म्हणाले. तिचे यजमान रक्ताच्या आणि विम्याच्या धावपळीत ठाण्यालाच होते. म्हणजे तिला सुखरूप त्यांच्या हवाली करायची जबाबदारी माझी आणि आमच्या ह्यांची.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच घडलं. दसऱ्याला आम्ही घरातली हत्यारं पुजतो. पाटावर लाल कापड अंथरायचं, त्यावर विळा, कोयता, कात्री, माझ्या शिवणयंत्राची पेटी आणि गाडी आल्यापासून डिकीतला जॅक आणि पानासुद्धा. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. एकदा पाटावर ठेवलेल्या हत्याराला दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, अक्षता टाकून पाट हलवेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा आदल्या दिवशीची चिरलेली असते. ही रीत मी इतकी वर्षं पाळत आले, पण तिचा अर्थ काय, हे कधी कोणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची घाई. नारळ घेतला, खण घेतला, सुमनच्या गोळ्या, पाण्याची बाटली, मागे टेकायला उशी, सगळं आठवणीने घेतलं. पाट हलवायचा राहिला. जॅक आणि पाना देवघरासमोर झेंडूच्या फुलाखाली तसेच बसून राहिले.

अनगाव मागे टाकलं आणि गाडीच्या मागच्या बाजूने आवाज यायला लागला. ठक ठक ठक. वाडा गावाकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर खड्डे इतके की आधी आम्ही तिकडे दुर्लक्षच केलं. मग गाडी मागून जरा हलायला लागली. ह्यांनी ती कडेला घेतली, उतरून मागचं डावं चाक हलवून बघितलं आणि म्हणाले, "काही नाही, नट सैल झालेत. परवाच पंक्चर काढून चाक बसवलं होतं. आवळले की झालं." डिकी उघडली. उशी काढली, पोतं काढलं, स्टेपनीसुद्धा काढली. मग माझ्याकडे वळून बघितलं. मला आधी काही उमजेना. मग उमजलं.

"पाटावर," मी एवढंच म्हणाले.

आमचे हे कशेळीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करतात, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच मोठा. त्या दिवशी तो आणखी मोठा झाला. "गाडीचा पाना गाडीत नाही, देवघरात! पुढच्या वर्षी इंजिनही काढून ठेव पाटावर!" मीही कमी नाही. निघताना डिकी बघायला तुमचे डोळे कुठे गेले होते, असं मीही सुनावलं. आमची अशी छान जुंपलेली असताना मागच्या सीटवरून सुमनचा आवाज आला, अगदी शांत.

"कशाला भांडता? तिला नको हाय. तिनं वाटंतूनच मागं धाडलं. चला घरी. दवाखाना बी नको."

आमचं भांडण जागच्या जागी विझलं. ती रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. निकाल लागल्यासारखी बसली होती, मांडीवर ओटीचा नारळ धरून. मी तिला समजावायला लागले तर म्हणाली, "मी सांगितलं व्हतं ना ताई, दर्शन न्हाय झालं त न्हाय." चाकाचं मी विसरून गेले. तिला उचलून दवाखान्यात नेता येत नव्हतं. सहीसुद्धा तिचीच लागणार होती. माझी बहीण माझ्यासमोर बसल्या जागी मरणाला होकार देत होती आणि त्याला निमित्त माझा विसरभोळेपणा झाला होता.

ह्यांनी आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "काका, हत्यारं अजून पूजेत हायेत. बाबा देवळातनं आल्यावर उठवतील, मग येतो." त्याला काय बोलणार? आमच्याच घरची रीत ती. कंटेनर शेजारून जात होते, प्रत्येकाबरोबर गाडी हलायची. आम्ही सुमनला खाली उतरवून एका झाडाच्या सावलीत बसवलं. मी तिच्यापासून जरा लांब जाऊन उभी राहिले आणि देवीशी भांडले. हात जोडले नाहीत, सरळ भांडले. तुझ्यासाठी पाना पाटावर ठेवला आणि तू हे फळ देतेस? माझी बहीण परत दे, नाहीतर यापुढे तुझ्यापुढे दिवा लावणार नाही. असं बोलू नये, पण मी बोलले.

थोड्या वेळाने एक छोटा टेम्पो आमच्या पुढे जाऊन थांबला आणि मागे आला. त्यातून पांढऱ्या दाढीचे, गोल टोपीवाले एक गृहस्थ उतरले. त्यांच्या भाच्याचं भिवंडीत जुन्या गाड्या मोडून त्यांचे भाग विकायचं दुकान होतं, आणि चाचा स्वतः आयुष्यभर फिटर. हे त्यांनी आम्ही न विचारता सांगितलं. "मेरे जैसा फिटर पूरे भिवंडी में नहीं मिलेगा, ताई. कोणालाही विचारा." मला बरं वाटलं. अशा वेळी नम्र माणसापेक्षा बढाई मारणारा परवडतो.

त्यांनी चाकावरचं झाकण काढलं आणि त्यांची बढाई बंद झाली. चाक ज्या लोखंडी खुंटांवर बसतं आणि ज्यांवर नट आवळतात त्यांना स्टड म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. चारातला एक मुळापासून तुटलेला होता, नटासकट कुठेतरी रस्त्यात पडून गेला होता. दुसऱ्याला चाचांनी पाना लावला, नुसता जरा जोर दिला, आणि तो पापडासारखा कट्कन मोडून त्यांच्या हातात आला. चाचांनी तो बघितला, मग ह्यांच्याकडे बघितलं. "नट पायाने आवळले का, भाईसाहब? पान्यावर उभं राहून?"

ह्यांची ती सवयच आहे. पान्यावर पाय देऊन सगळं वजन टाकायचं, म्हणजे चाक पक्कं बसलं असं त्यांना वाटतं. गोदामात एवढे मोठे आवाज काढणारा माणूस तेव्हा हळूच हो म्हणाला.

"समजा दोनावरच चालली होती," चाचा म्हणाले. "पुढे उतार हाय, खाली पूल. चाक निघालं असतं. अल्ला का करम समझो, इथे थांबलात."

मग ते कामाला लागले. चाकांना दगड लावले, गाडी उचलली, चाक काढलं, त्यामागचा ब्रेकचा ड्रम उतरवला. त्यांच्या टेम्पोत अंबाडीच्या एका गॅरेजला द्यायचा माल होता आणि त्यात आमच्या गाडीसारख्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचा ड्रम होता. बेअरिंग गेलेलं, पण स्टड शाबूत. त्यातले दोन हातोड्याने ठोकून त्यांनी बाहेर काढले. आमच्या ड्रममधले तुटके ठोकून काढले, त्या जागी मागच्या बाजूने हे घातले, वर वायसरच्या चकत्या टाकून नट हळूहळू आवळत गेले, तसतसे ते आत खेचून घट्ट बसले. मी विचारलं, "चाचा, तुम्ही रोज याच वाटेने जाता?" ते म्हणाले, "कुठे? मना आज पडघ्याला जायचं होतं आधी. तिकडे ट्रक उलटलाय, रस्ता जाम. म्हटलं चला, पहिलं अंबाडीचं काम उरकू." मी पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला.

सुमन केव्हा उठून जवळ आली आम्हाला कळलं नाही. तिने चाचांकडून तो मोडका स्टड मागून घेतला आणि तळहातावर ठेवून बघत राहिली. त्याच्या तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट गंजलेला होता, उरलेला चकचकीत. चाचांनी बोटाने दाखवलं, "हे काळं म्हणजे जुनी चीर, बेटी. चमकतंय ते आज तुटलं. बाहेरून बघशील तर एकदम ठीक. आतून कधीपासून जात होता."

"माझे झडपेसारखा," ती म्हणाली.

मग तिने ह्यांना विचारलं, "भावजी, खरं सांगा. पाना गाडीत असता त तुम्ही काय केलं असतं?"

ह्यांनी हातातलं चाकाचं झाकण खाली ठेवलं. मग म्हणाले, "होते ते नट आवळले असते. एक नाही दिसला, दुसरा मोडला, तरी म्हटलं असतं, बाकीचे आहेत, वज्रेश्वरीपर्यंत जाईल. निघालो असतो."

"पायानं आवळले असते?"

"हो."

सुमनने मुठीत तो स्टड मिटला. "म्हंजे तिनं पाना ठेवून घेतला," ती म्हणाली.

रस्त्यावर गाड्यांचा आवाज चालूच होता, पण मला तो ऐकू येईनासा झाला. मी सकाळपासून ज्या चुकीसाठी स्वतःला आणि ह्यांना शिव्या घालत होते, ती चूक आमच्या तिघांएवढी मोठी होऊन माझ्यासमोर उभी राहिली. त्या उतारावर गाडीत मागे, त्याच चाकावर, सुमन बसलेली असणार होती. मी तिथेच रस्त्याच्या कडेला मातीवर डोकं टेकलं. कोणाला टेकलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. देवीला, चाचांच्या हातांना, की पाटावरच्या त्या पान्याला. चाचा गडबडले, "अरे ताई, उठो उठो," म्हणत दोन पावलं मागे सरले. निघताना त्यांनी ह्यांना बजावलं, "परत जाताना एकदा आवळून घ्या. हाताने. पैर से नहीं."

वज्रेश्वरीला पोचलो तर सुमन देवळाच्या पहिल्याच पायरीवर बसली. वर इतक्या पायऱ्या चढायची ताकद तिच्यात नव्हती. उचलून नेऊ का, म्हणून हे विचारत होते, पण तिने मान हलवली. "माझं दर्शन वाटंतच झालं. तू भर ओटी, ताई." म्हणून मी एकटी वर गेले. जिचा विश्वास दिवाबत्तीपुरता, तीच ओटी घेऊन गाभाऱ्यासमोर उभी. काय मागायचं ते ठरवून गेले होते, पण ते मागितलंच नाही. एवढंच आलं, मघाशी भांडले, माफ कर. पुजाऱ्यांनी खणावर कुंकू टाकून प्रसाद हातात दिला तेव्हा मला रडू आवरलं नाही.

घरी आलो. देवघरासमोर पाट तसाच होता. झेंडू सुकला होता, पान्यावरचं कुंकू जागच्या जागी होतं. मी अक्षता टाकल्या, पण पाना उचलायला हात पुढे होईना. तेव्हा कुठे मला त्या रीतीचा अर्थ लागला, निदान माझ्यापुरता. वर्षातून एक दिवस हातातलं हत्यार खाली ठेवायचं आणि म्हणायचं, आज माझ्या हाताने काही होत नाही, आज तू कर. इतकी वर्षं मी ते नुसतं ठेवत आले. सोडलं कधीच नव्हतं. त्या वर्षी माझ्या विसरण्यामुळे ते खरोखर तिच्याकडे राहिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सुमनच्या बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढून नर्सने माझ्या ओंजळीत दिलं. ढकलगाडी दारापाशी थांबली तेव्हा तिने माझं बोट धरलं. तिचा हात गार होता.

"ताई, आता आपले हातात काय न्हाय."

"न्हाय," मी आमच्या माहेरच्या बोलीत म्हणाले. "पाटावर ठेवलंय."

ती हसली आणि दार मिटलं. त्या दाराबाहेर मी किती वेळ बसले होते ते मला आठवत नाही. भीती होतीच, पण ती माझ्या एकटीची नव्हती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, झडप बसली, सगळं ठीक आहे, तेव्हा ह्यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. आठवड्याने आम्ही चाचांच्या भाच्याच्या दुकानात प्रसादाचा नारळ घेऊन गेलो. चाचांनी तो तिथेच फोडून सगळ्यांना वाटला आणि प्रत्येकाला आमची गोष्ट सांगितली, त्यात स्वतःचं काम थोडं वाढवूनच.

सुमन आता भात लावते, पायऱ्या चढते, आम्हाला बोलतेसुद्धा. गेल्या दसऱ्याला ती आली, तेव्हा डिकीतून जॅक आणि पाना तिनेच काढला, पुसला, पाटावर ठेवला, आणि पान्याशेजारी तो मोडका स्टड ठेवून त्यालाही कुंकू लावलं. हे घाबरून म्हणाले, "उद्या आठवणीने परत गाडीत ठेवा हं." सुमन फुलं वाहत होती. मागे न बघताच ती म्हणाली, "ठेवू की, भावजी. तिचं काम झालं का, ती देईल परत." मी पाटासमोर बसले, दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले आणि नमस्कार केला.