फिटरमामांनी गाठलेली बोट

फिटरमामा चहासुद्धा उभ्याने प्यायचे. बशी हातात आणि उजवा पाय जमिनीवर सारखा दाबत, जणू तिथेही अ‍ॅक्सिलरेटर आहे. बोटीवरच्या इंजिनघरापासून भातगिरणीपर्यंत अनेक नोकऱ्या त्यांनी केल्या होत्या. एकही मानवली नव्हती. मग आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांनी विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून दोन माणसांची उघडी, हिरवी मोटार घेतली आणि ती चालवायला मामांना ठेवलं. रत्नागिरीत तेव्हा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

वकीलसाहेबांना वेगाची धास्ती. "सावकाश, सावकाश," म्हणत ते कोर्टात जायचे, आणि बैलगाडी पुढे निघून गेली की मामांचं तोंड कडू व्हायचं.

मी तेव्हा विशीतला, इंजिनांचं वेड लागलेला. संध्याकाळी मामांच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. एकदा म्हटलं, "मामा, पेढीवाल्या शेठजींची मोटार केवढी मोठी! इंजिनही मोठं. मग पळणारी मोटार हीच, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

"मोठी म्हणजे म्हैस!" मामा उसळले. त्यांनी मला सीटवर ढकललं. "टेकलास ना जवळजवळ भुईला? म्हणून वळणावर कलंडत नाय. स्प्रिंगा कडक. खडा लागला तर तो तुझ्या पाठीला कळला पाहिजे. दरवाजा इथे कापलाय तो कोपर मोकळं राहावं म्हणून. ही काच पुढे पाड, वारा अडत नाय. आणि अंगावर फालतू वजन नाय. ही सामान न्यायला केलेलीच नाय रे. चालवणाऱ्याला चालवावीशी वाटावी म्हणून केलीय." मग बॉनेटचा चामडी पट्टा उगाचच सोडून पुन्हा आवळत म्हणाले, "आणि इथे ती कोर्टाची पायरी झिजवतेय!"

त्याच शेडमध्ये माझ्या डोक्यात आफ्रिकेचं खूळ शिरलं. मोंबासाला एका कारखान्यात नोकरी मिळाली. माझे वडील, आप्पा, शाळामास्तर. मी कचेरीत चिकटावं असं त्यांचं म्हणणं. खूप वाजलं, आणि त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. निघायच्या सकाळी मी पाया पडलो तर ते वर्तमानपत्रातून बाहेर आले नाहीत. मी बंदरावर गेलो, उतारूंना बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातून मुंबईच्या बोटीवर चढलो. भोंगा झाला आणि बोट निघाली.

जयगडला बोट थांबली, माल चढू लागला. मी कठड्याशी उभा होतो. किनाऱ्याकडून एक पडाव येत होता आणि त्यात एक लालभडक माणूस उभा होता. टोपी नाही, केस पिंजारलेले, डोक्यापासून धोतरापर्यंत तांबडी धूळ. पडाव बोटीला लागेपर्यंत मी आप्पांना ओळखलंच नाही.

ते वर आले, धापा टाकत, आणि बोलतच सुटले. "विनायक, काय मोटार आहे रे! निवळीच्या वळणावर मी डोळेच मिटले. पण जरा म्हणून कलली नाही. फिटर सांगत होता, स्प्रिंगा कडक आहेत. तो गिअर असा इवलासा, मनगटानेच पडतो. चढणीवर तर..." दहा मिनिटं ते मोटारीबद्दलच बोलले. मी काही विचारायच्या आत भोंगा झाला. "पत्र टाक," म्हणाले आणि पडावात उतरले. दूर धक्क्यावर हिरव्या मोटारीभोवती एक माणूस येरझाऱ्या घालत होता.

आप्पांना जयगडला पोचवायला वकीलसाहेबांना न विचारता मोटार नेली म्हणून मामांची नोकरी त्याच दिवशी गेली, हे मला आईच्या पत्रातून कळलं. 

चार वर्षांनी परतलो तेव्हा आप्पा नव्हते. मामा चिपळूणच्या वाटेवर सर्व्हिस मोटार चालवतात असं कळलं, म्हणून त्यांच्याच गाडीचं चिपळूणचं तिकीट काढून सावर्ड्याला थांबलो. उतारूंनी आणि कोंबड्यांच्या खुराड्यांनी ठासून भरलेली गाडी कण्हत आली. मामा खाली उडी मारून टायरांना लाथा घालू लागले.

"मामा, माझ्यापायी तुमची नोकरी गेली."

"गेली तर गेली. जयगडच्या वाटेवरची चाफ्याची चढण तिसऱ्या गिअरात चढवली त्या दिवशी. या गाडीत उतारूंना नुसती उलटी होते."

"आप्पांना फार आवडली होती तुमची मोटार. बोटीवर दुसरं काही बोललेच नाहीत."

मामा थांबले. "मास्तर? मोटारीत एक अक्षर बोलले नाय बघ मोटारीबद्दल. मीच बडबडत होतो, त्यांचं चित्त ठिकाणावर राहावं म्हणून. ते आपले एकच सारखं, 'पोरगा चुकेल का रे? मी बोललो नाही त्याच्याशी, चुकेल का रे?' बोटीचा धूर दिसला तेव्हा लहान मुलासारखे रडले."

उतारू आरडाओरडा करू लागले होते. मामांनी माझ्या खांद्यावर तेलकट हात दाबला आणि गाडीवर चढले. गाडी वळणाआड गेली. मला चिपळूणलाच जायचं होतं, तिकीट हातात होतं, आणि मी रस्त्यावर उभा होतो.