काकांच्या पट्टीची गाठ

माझे काका पहिल्या महायुद्धातल्या बसऱ्याच्या लढाईहून परतले तेव्हा सोबत ना बक्षीस होतं ना जमिनीचा तुकडा. फौजेत ते जखमींच्या डोल्या उचलायचे. उचलता उचलता जखमा धुवायला, पट्ट्या बांधायला शिकले आणि हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर म्हणून चिकटले. पुढं शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टरांच्या शेजारी उभे राहू लागले. निजामाच्या राज्यात डॉक्टर यायचे, बदलून जायचे. काका मात्र तिथंच. नव्या डॉक्टरांना कात्र्या कुठं ठेवल्यात हेसुद्धा तेच सांगायचे.

पट्टी बांधून झाली की ते डाव्या अंगाला एक गाठ मारत. तशी गाठ दुसऱ्या कुणाला जमत नसे. लोक घरी जाऊन पट्टी सोडत, जखमेत हळद नाही तर चुलीतली राख भरत, परत बांधून येत आणि शपथेवर सांगत की कुणी हात लावला न्हाई. काका नुसतं गाठीकडं बघत. त्यांच्या या करारीपणाचा मला लहानपणी फार अभिमान वाटायचा.

लग्न होऊन मी कुरुंद्याला गेले. सासरी हळदीचं पीक. हळदीचा पाला कापताना विळा निसटला आणि माझा उजवा तळहात आडवा चिरला. आमच्या मालकांनी मला बैलगाडीत घालून वसमतला नेलं, तिथून रेल्वेनं हिंगोलीला. डॉक्टरांनी टाके घातले, काकांनी पट्टी बांधली आणि बजावलं, "पोरी, ही मीच सोडणार. दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा न्हाई."

मी मान डोलावली आणि घरी येऊन चौथ्याच दिवशी शेण खाल्लं.

सासूबाई म्हणाल्या, "घरात हळदीचं पोतं, अन् सुनेची जखम कोरडी? लोक काय म्हणतील?" त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं. पोत्यातली वाळकी हळद कुटून त्यांनी पट्टी सोडली, टाक्यांच्या फटींतून मूठभर दाबून भरली आणि परत बांधली. नवी सून मी. नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. काकांची पुतणी असले तरी त्यांची शिकवण सासरच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आले होते, दुसरं काय!

दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला आणि तापानं मी बरळू लागले. परत हिंगोली, या वेळी सासूबाईही सोबत. काकांनी गाठ पाहिली. मी म्हणाले, "काका, कोणी सोडली न्हाई." आजही त्या खोटेपणाची लाज वाटते. ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा असा पडला की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि म्हणाले, कोपरापासून काढावा लागेल. मी किंचाळले. एका हाताच्या सुनेला सासरी काय जागा असते ते मी पाहिलं होतं. काका डॉक्टरांपुढं हात जोडून उभे राहिले. आयुष्यात कुणापुढं वाकले नव्हते ते. म्हणाले, "साहेब, दोन दिवस द्या. सूज नाही उतरली तर मीच तयारी करून देतो."

डॉक्टरांनी दोन दिवस दिले. त्यांच्यासमोर काकांनी टाके काढले, जखम मोकळी केली, आत दडलेली हळद चिमट्यानं काढली, पू दाबून काढला. मग दर तीन तासांनी मिठाच्या कोमट पाण्यानं धुणं. मी शिव्या देई, ते "व्हय, व्हय" म्हणत आणि धुवत राहत. सासूबाई कोपऱ्यात बसून पदराला डोळे पुसत. काकांनी त्यांना एका शब्दानं दुखवलं नाही. उलट पाणी तापवायचं काम त्यांच्याकडंच दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी सूज मनगटाखाली आली. हात काढायचं टळलं, पण बोटं निर्जीव लाकडासारखी झाली होती. काका रोज आपलं बोट माझ्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "धर." कितीतरी दिवस काही झालं नाही. मी रडून म्हणाले, "काका, जाऊ द्या."

"काहून जाऊ दिऊ? धर."

एका दुपारी करंगळी हलली, मग शेजारचं बोट, आणि मी त्यांचं बोट गच्च पकडलं.

"सोड आता," ते म्हणाले, "दुखायलंय."

मी सोडलं नाही.